शिंप्यावांचून टोपी

टोपी म्हटली कीं कापड आलें, कापड म्हटलें कीं माग आला, आणि माग व टोपी यांच्या मधोमध कोठें तरी कात्री कानाला लावून बसलेला शिंपी आला, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. जिला सूत लागत नाहीं, माग लागत नाहीं, सुई-दोरा लागत नाहीं, जी झाडावरून काढावी आणि तशीच डोक्यावर ठेवावी अशी टोपी कोणी सांगितली, तर ती आजीच्या गोष्टींतली असावी असेंच घरांतलीं मुलें म्हणतील. परंतु अशा टोप्या खरोखरीच आहेत. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांतून गेलेल्या प्रवाशांनीं त्यांची नोंद केली आहे, आणि युरोप-अमेरिकेंतील पदार्थसंग्रहालयांत त्या कांचेच्या कपाटांत पाहावयास मिळतात. या महिन्यांत आम्ही आमच्या वाचकांस त्या टोप्यांची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. विषय दूरदेशींचा दिसतो खरा. पण तो आपल्या घराच्या माळ्यावर येऊन पोंचतो, हें पुढें दिसून येईल.

अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट हा जर्मन पंडित १८०० सालीं ओरिनोको नदीच्या वरच्या अंगास हिंडत होता. तेथें दुइदा नांवाच्या पर्वताच्या उतरणीवर त्याला एक उंच झाड दाखविण्यांत आलें. या झाडाच्या सुमारें दोन फूट जाडीच्या खोडाचे तुकडे करून त्यांवरील तांबूस, तंतुमय साल तेथील रहिवासी उभा छेद न देतां अखंड सोलून काढीत. असें केल्यानें सालीची एक बिनशिवणीची नळी हातीं येई. वरच्या तोंडांतून डोकें बाहेर काढावयाचें, दोन्ही बाजूंस हातांपुरतीं भोकें पाडावयाचीं, कीं झाला सदरा. पावसाळ्यांत तेथील लोक हा सदरा घालीत, असें हुंबोल्टनें लिहून ठेविलें आहे. आणि सदऱ्याच्या जोडीला त्यानें त्याच प्रदेशांतील टोंकदार टोप्यांचा उल्लेख केला आहे. या टोप्या मात्र सालीच्या नव्हेत. त्या एका ताडवर्गीय झाडाच्या फुलोऱ्यावरील आवरणाच्या असत.

हें झाड म्हणजे काय, तें जरा खुलासेवार सांगितलें पाहिजे. ओरिनोकोच्या मुखाशीं राहणारे वाराव लोक व त्यांचे शेजारी त्यास तेमिचे म्हणतात; ब्राझीलमध्यें त्याला बुस्सू म्हणतात. दलदलींत, भरती-ओहोटीच्या पाण्याशेजारीं तें वाढतें, व त्याचीं प्रचंड पानें झोंपड्या शाकारण्यास उपयोगी पडतात. आपल्याकडे माडाच्या किंवा पोफळीच्या फुलोऱ्यावर जन्मतः एक आवरण असतें, तें फुटून फुलोरा बाहेर पडतो. बुस्सूचें आवरण मात्र लांकडासारखें कठीण नसून जाळीदार असतें. माडाच्या झावळीच्या बुडाशीं जें तपकिरी रंगाचें, विणल्यासारखें दिसणारें फडकें असतें, तें ज्यांनीं कोंकणांत हातांत घेऊन पाहिलें आहे त्यांना याची कल्पना चटकन् येईल. फरक इतकाच कीं, आपल्या माडाचें तें फडकें झावळीबरोबर फाटून जातें, आणि बुस्सूचें आवरण ही एक आख्खी, एका टोंकास बंद असलेली लांबट पिशवी असते. ती ओढून काढावी, पाण्यानें मऊ करावी, हातांनीं हळूहळू ताणीत न्यावी, आणि तोंडाची कड दुमडून डोक्यावर चढवावी. तंतू आडवे-तिडवे गुंतलेले असल्यामुळें ती ताणते पण उसवत नाहीं, कारण उसवण्यास तींत टांकाच नाहीं! वनस्पतिशास्त्रज्ञांनीं या झाडास जें लॅटिन नांव दिलें आहे त्यांतील ‘सॅक्सिफेरा’ या पदाचा अर्थच ‘पिशवी धारण करणारें’ असा आहे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें या झाडाचें वर्णन १८५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ॲमेझॉनच्या ताडवृक्षांवरील लहानशा पुस्तकांत केलें आहे. हें पुस्तक निघालें तें एका संकटांतून. वॉलेस चार वर्षें ॲमेझॉनच्या खोऱ्यांत राहून १८५२ सालीं इंग्लंडास परत निघाला असतां भर समुद्रांत त्याच्या जहाजास आग लागली. चार वर्षांत गोळा केलेल्या वस्तूंपैकीं जें कांहीं बरोबर होतें तें बहुतेक सारें डोळ्यांदेखत जळालें, आणि जीव वांचवितांना जीं थोडीं रेखाटनें हातांत आलीं त्यांत या ताडवृक्षांचीं चित्रें होतीं. त्यांवरून हें पुस्तक सिद्ध झालें. वस्तु जळाली, चित्र राहिलें. या गोष्टीकडे आम्हांस पुढें पुन्हां वळावें लागणार आहे.

आतां सालीच्या कापडाविषयीं. झाडाची बाहेरची खरखरीत साल खरवडून टाकली म्हणजे आंत जी ओली, चिवट अंतर्साल लागते तीच खरी उपयोगाची. तींत बारीक लांब तंतूंचे थर एकमेकांस तिरपे धरून बसलेले असतात. ती भिजवून खोबणी पाडलेल्या लांकडी मोगरीनें ठोकूं लागलें, म्हणजे तंतू सुटत नाहींत, नुसते पसरतात. आणि ओंजळभर रुंदीची पट्टी बघतां बघतां दुपटी-तिपटीनें रुंद होते. मग ती धुवून, पिळून, उन्हांत ताणून वाळवावयाची. हें कापड विणलेलें नसतें. आपल्याकडील लोकरीचा नमदा जसा विणल्यावांचून नुसता दाबून होतो, तशांतलाच हा प्रकार. यांतून ॲमेझॉनच्या वरच्या भागांतील लोक सदरे, पट्टे, आणि सर्व डोकें झांकणारे मोठमोठे मुखवटे तयार करितात.

आमच्या सुशिक्षित वाचकांस येथें वल्कलांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. वल्कल हा शब्द आपण इतक्या वेळां वाचला आहे कीं तें काय होतें हें विचारण्याचें आपण सोडूनच दिलें आहे. नाटकमंडळींनीं भगव्या रंगाचें तलम कापड नेसवून आपली समजूत आणखीच बिघडविली. वस्तुतः आपल्या कवींनीं हें वस्त्र जवळून पाहिलें असावें असें दाखविणाऱ्या खुणा त्यांच्या ग्रंथांत आहेत. अयोध्याकांडांत कैकेयी स्वहस्तें चीरें आणून देते, राम-लक्ष्मण तीं निमूटपणें परिधान करितात. सीता मात्र एक चीर गळ्याशीं धरून व दुसरें हातांत घेऊन गोंधळून उभी राहते, आणि अखेर रामच पुढें होऊन तिच्या रेशमी वस्त्रावरून तें बांधून देतो. राजकन्येला वस्त्र नेसतां येत नाहीं याचें कारण काय? तें लुगड्यासारखें चुणीनें पडत नाहीं, त्यास निरी धरत नाहीं, हेंच असावें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत शकुंतला प्रियंवदेनें करकचून बांधलेलें वल्कल सैल करण्यास अनसूयेस सांगते. तेथेंहि ताठ, न ताणणारें असेंच वस्त्र कवीच्या डोळ्यांपुढें आहे. चीर या शब्दाचा अर्थ कोठें साल, कोठें दर्भ, तर कोठें नुसती चिंधी असा होतो, हें खरें. तथापि वल्कल म्हणजे साल याविषयीं संशयास जागा नाहीं.

मस्तकापुरतें बोलावयाचें तर वनवासी रामाच्या डोक्यावर ना मुकुट राहिला ना पागोटें. गंगातीरीं त्यानें गुहाकडून वडाचा चीक मागविला व त्यानें केंसांच्या जटा वळल्या. आम्हांस यांत एक मौजेचा योग दिसतो. वड, पिंपळ, उंबर, फणस, तुती हीं सारीं झाडें वनस्पतिशास्त्राप्रमाणें एकाच कुळांतलीं, सर्वांत पांढरा चीक असणारीं. आणि जगांत जेथें जेथें सालीचें कापड होतें तेथें तेथें बहुधा याच कुळांतील झाड उपयोगांत आणलेलें आढळतें. पॅसिफिक महासागरांतील बेटांवर कागदी तुती. आफ्रिकेंतील युगांडांत वडाचाच एक भाऊबंद, ज्याच्या सालीच्या कापडाचा कसब युनेस्कोनें २००५ सालीं मानवजातीचा वारसा म्हणून गौरविला. ॲमेझॉनच्या खोऱ्यांत रानवडाच्या जाती व त्यांचीच नातलग असलेलीं इतर झाडें.

हें वाचून कोणी उत्साही गृहस्थ लगेच म्हणतील कीं, पाहा, अमेरिका म्हणजे आमचें पाताळच, आणि तेथील रानटी लोकांस वल्कलें नेसण्यास आमच्याच ऋषींनीं शिकविलें. अशा अभिमानाची आम्हांस भीति वाटते. जें झाड चिकाचें, ज्याची साल चिवट, तें झाड ज्याच्या दारांत आहे त्याचा हात आज ना उद्यां त्या सालीकडे जाणारच. त्यास कोणाच्या ऋषीनें जाऊन शिकवावें लागत नाहीं. दूरदेशींच्या मनुष्यानें स्वतःच्या बुद्धीनें कांहीं शोधून काढलें असें म्हटल्यानें आपल्या ऋषींचें कांहीं कमी होत नाहीं. आणि त्या लोकांस रानटी म्हणण्याची घाई करणाऱ्यांनीं एकदां सालीचा तुकडा ठोकून कापड करून पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.

पण याच कुळांतील एक झाड आपल्या सह्याद्रींतहि आहे, आणि त्याची कथा महाराष्ट्रांत फारच थोड्यांस ठाऊक आहे. कोंकणांत त्यास चांदकुडा म्हणतात. सरळसोट, गगनास भिडणारें, बुंध्याशीं फळ्यांसारखे आधार असलेलें हें झाड आज मुख्यत्वें देवरायांतून आढळतें. लालभडक मखमली फळें त्यास येतात व तीं धनेश पक्ष्यांस फार आवडतात. जावा बेटांत याच जातीच्या झाडाचा चीक बाणांच्या टोंकांस विषासारखा लावीत, व त्यावरून त्याच्या सावलींत गेलेला प्राणी मरतो इथपर्यंत दंतकथा युरोपांत पसरल्या होत्या. आपल्या कोंकणांतल्या माणसानें मात्र या झाडांत निराळेंच कांहीं पाहिलें. त्यानें त्यांत पोतें पाहिलें.

तें पोतें असें होई. पाहिजे त्या लांबी-जाडीची फांदी तोडावयाची, थोडी भिजवावयाची, आणि साल आंतील लांकडापासून सैल होईपर्यंत तिला दांडक्यानें चोहोंकडून ठोकावयाचें. मग पायमोजा उलटा करून काढावा तशी साल वरून खालीं उलटीत आणावयाची. शेवटीं तळाशीं लांकडाची एक चकती तेवढी सालीला चिकटलेली राखून वरचें सारें लांकूड करवतीनें कापून टाकावयाचें. चकती हा पोत्याचा तळ, साल हें पोत्याचें अंग. खेड्यांतून तांदूळ भरण्यास हीं पोतीं सर्रास वापरीत, आणि थोड्या आण्यांस एक याप्रमाणें तीं विकत मिळत.

या झाडाचें शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध झालें तें मुंबईंत, १८३९ सालीं. जॉन ग्रॅहॅम हा मुंबईच्या टपाल खात्यांतील अधिकारी मुंबई इलाख्यांतील वनस्पतींची यादी करीत होता. ती छापून पुरी होण्यापूर्वींच तो खंडाळ्यास वारला, आणि त्याचा मित्र निम्मो यानें ती शेवटास नेली. या निम्मोनें चांदकुड्यास जें नांव दिलें त्यांत ‘सॅक्सिडोरा’ हें पद आहे. अर्थ, ‘पोतीं देणारें’. पुढें शास्त्रज्ञांनीं हें झाड जावांतील विषवृक्षाच्याच जातीचें ठरविलें, आणि निम्मोचें नांव मागें पडलें. एका गोलार्धांत पिशवी धारण करणारा ताड आणि दुसऱ्यांत पोतीं देणारा चांदकुडा! दोन्ही ठिकाणीं नांव ठेवणाऱ्याचें लक्ष झाडाच्या फुला-फळांकडे गेलें नाहीं. गांवकऱ्यानें त्याचें काय केलें तिकडे गेलें. शास्त्रज्ञांत ही नम्रता विरळा.

वाचक म्हणतील, टोपीच्या गोष्टींत हीं पोतीं कोठून आलीं? त्याचें उत्तर पावसाळ्यांत मिळतें. पोत्याचा तळाकडील एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यांत खुपसला कीं डोक्यावर बसणारी आणि पाठीवरून पोटऱ्यांपर्यंत येणारी खोळ तयार होते. बाजारपेठेंतला हमाल, गाडीवान, शेतावरचा गडी, सर्वजण ही खोळ घेऊन पावसांत काम करीत आलेले आपण पाहिले आहेत. हुंबोल्टचा सदरा, वारावांची टोपी, आणि आमची गोणपाटाची खोळ या तिन्हींचें बीज एकच: एका टोंकास बंद असलेली पिशवी. ती लहान असली तर टोपी, तिला भोकें पाडलीं तर सदरा, उभी ठेवली तर पोतें. चांदकुड्याच्या पोत्याची खोळ कोणी घेत होता असा लेख आम्हांस दाखवितां येणार नाहीं. परंतु ज्या हातांनीं पुढें गोणपाटाची खोळ केली त्याच जातीचे ते हात होते.

चांदकुड्याचें पोतें कां गेलें, हेंहि सांगण्यासारखें आहे. प्रत्येक पोत्यामागें एक फांदी किंवा लहान झाड जात असे. तेव्हां तें स्वस्त वाटलें तरी रानास महाग पडत होतें. इतक्यांत १८५५ सालीं कलकत्त्याजवळ रिश्रा येथें तागाची पहिली गिरणी निघाली, आणि कांहीं दशकांत तागाचें गोणपाट खेडोपाडीं जाऊन पोंचलें. सालीचें पोतें विस्मृतींत गेलें व झाडाचा जीव वांचला. निदान पोत्यांपासून तरी वांचला. पुढें गोणपाटाची खोळ प्लॅस्टिकच्या कागदानें घालविली. एका वस्तूनें दुसरीस घालवावें, तिसरीनें तीस घालवावें, असा हा क्रम आहे. त्याबद्दल कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. भिजणाऱ्या माणसास कोरडें राहण्याचा हक्क आहे, आणि प्लॅस्टिक गोणपाटाहून कोरडें राखतें हें निर्विवाद होय.

परंतु आमच्या नाहूरकडे पाहिलें म्हणजे या क्रमांत काय हरवलें तें समजतें. भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्यें नाहूरचें स्टेशन झालें तें २००६ सालीं. पश्चिमेस डोंगर व रान, पूर्वेस मिठागरें व ठाण्याची खाडी, आणि मधल्या पट्ट्यांत पूर्वीं भाताचीं खाचरें. आज तेथें उंच इमारती आहेत. सबंध साष्टींत आषाढांत आवणी चाले तेव्हां खाचरांत ओळीनें वांकलेल्या बायकांच्या पाठीवर जें दिसे तें इरलें. बांबूच्या बारीक कामट्यांची दुहेरी जाळी विणून तिच्या मध्यें पळसासारख्या रुंद पानांचा थर बसवीत, आणि त्यास डोक्यापासून कंबरेच्या खालपर्यंत पोंचेल असा उपड्या होडीसारखा आकार देत. छत्री धरावयास एक हात लागतो. इरल्यास एकहि लागत नाहीं. वांकलेल्या माणसाच्या पाठीवर तें आपोआप बसतें, वारा आला तर खोलगट भागांत अंग चोरून उभें राहतां येतें, तान्हें मूल बांधावर असलें तर त्याच्यावर तें उपडें घालतां येतें. आवणीसाठीं याहून सोयीचें शिरस्त्राण मनुष्यास सुचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. दोन-तीन पावसाळ्यांनीं पानें कुजत, मग इरलें चुलींत जाई व दुसरें विणलें जाई.

तें चुलींत जाई, म्हणूनच तें कोठें राहिलें नाहीं. भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील वस्तुसंग्रहालय आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं हत्ती पाहतां पाहतां पाहिलें असेल. १८७२ सालीं लोकांस खुलें झालेलें हें संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. १९७५ सालीं त्यास हें नांव मिळालें. ज्यांनीं तें पुष्कळ वर्षांत पाहिलें नसेल त्यांनीं अवश्य जावें, कारण या शतकाच्या आरंभीं त्या इमारतीचा फार नमुनेदार जीर्णोद्धार झाला आहे. तेथें मुंबईंतील निरनिराळ्या जातिजमातींच्या पागोट्यांचे व पगड्यांचे मातीचे रंगीत नमुने आहेत. लहान लहान मुखवटे, प्रत्येकाचें शिरोभूषण निराळें; आमच्याबरोबर आलेलीं मुलें कपाटापुढून हलेनात. पागोटें रोज नव्यानें गुंडाळावयाचें आणि पगडी एकदां पगडबंदानें बांधली म्हणजे तशीच उचलून डोक्यावर ठेवावयाची, हा भेद त्यांना तेथें प्रथम कळला. पुणेरी पगडीस २००९ सालीं भौगोलिक उपदर्शनाची नोंदहि मिळाली आहे.

हें सारें उत्तमच आहे. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, ज्याच्या डोक्यावर पगडी होती त्याची आठवण राखण्याकडे आपल्या समाजानें जितकें लक्ष दिलें, तितकें जिच्या डोक्यावर इरलें होतें तिच्याकडे दिलें नाहीं. आपल्या घरांतूनच पाहा. पणजोबांची पगडी लांकडी पेटींत, मऊ फडक्यांत गुंडाळून, कापराच्या वासांत सुखरूप आहे. पणजोबांच्या खंडानें लाविलेल्या शेतांत ज्या बायकांनीं भात लाविलें त्यांचीं इरलीं कोणीं ठेविलीं? तीं ठेवण्यासारखीं आहेत असें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. सोनें टिकतें, जर टिकते, पान व साल कुजतात. आणि टिकतें तेंच मौल्यवान् अशी आपण सोयीस्कर समजूत करून घेतली. या बाबतींत दक्षिण अमेरिकेंतील त्या टोप्या भाग्यवान् म्हणावयाच्या; परक्या प्रवाशांस कां होईना, त्या नेऊन ठेवाव्याशा वाटल्या.

अर्थात् परक्यानें नेऊन ठेवणें हेंहि निर्दोष नाहीं. ब्राझील, कोलंबिया व पेरू यांच्या सीमेवर टिकुना नांवाचे लोक राहतात. मुलगी वयांत आली म्हणजे तिला कांहीं काळ एकांतांत ठेवतात आणि नंतर मोठा उत्सव करितात. आपल्याकडे एके काळीं मुलीस मखरांत बसवीत, त्याची आठवण जुन्या बायकांस होईल. या उत्सवास पाहुणे येतात ते सालीच्या कापडाचे, डोक्यापासून पायांपर्यंत येणारे मुखवटे घालून. कोणी वाऱ्याचें रूप घेतें, कोणी वानराचें. उत्सव संपला म्हणजे मुखवटे यजमानास देऊन टाकावयाचे व त्याच्याकडून खाणें-पिणें घ्यावयाचें अशी रीत. म्हणजे ही वस्तु मुळांत जपून ठेवण्याची नव्हेच, ती देण्याची आहे. ती जेव्हां कांचेच्या कपाटांत जाते तेव्हां तिचा देह तेवढा राहतो.

आणि तो देहहि राहीलच असा भरंवसा नाहीं. रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाची स्थापना १८१८ ची. त्यास दोनशें वर्षें पुरीं झालीं त्याच वर्षीं, २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं, तेथें आग लागली व इमारतींतील बहुतेक संग्रह जळून गेला. त्यांत ब्राझीलमधील मूळ रहिवाशांच्या वस्तु होत्या, आणि टिकुनांच्या मुखवट्यांसारख्या सालीच्या वस्तूहि होत्या. वॉलेसच्या जहाजापासून या रात्रीपर्यंत मनुष्य आगीपुढें फारसा शहाणा झालेला नाहीं. मात्र टिकुनांनीं स्वतः एक गोष्ट करून ठेविली होती. बेंजामिन कॉन्स्टंट या गांवीं १९९१ सालीं त्यांनीं आपलें स्वतःचें मागुता संग्रहालय उघडलें. तेथें वस्तु जपणारे आणि वस्तु करणारे एकाच लोकांतले. मुखवटा जीर्ण झाला तर नवा ठोकून करणारे हात गांवांतच आहेत. एकच संग्रह राजधानींत असण्यापेक्षां लहान लहान अनेक संग्रह ज्यांचे त्यांच्या गांवीं असावे, या मताचे आम्ही या उदाहरणावरून झालों आहों.

तेव्हां आपल्या हातीं काय आहे? सर्व वाचकांस संग्रहालयें काढतां येणार नाहींत. परंतु एकत्र कुटुंबाचें मोठें घर हें स्वतःच एक संग्रहालय असतें, फक्त त्यांत चिठ्ठ्या लाविलेल्या नसतात. कोंकणांतील मूळ घरीं दिवाळींत किंवा मे महिन्यांत जाणें होतें तेव्हां माळा, पडवी, गोठा एकदां नीट पाहावा. इरलें, जुनी घोंगडीची खोळ, पोफळीच्या विरीची एखादी वस्तु, पगडीची पेटी, आजोबांची काळी टोपी, जें डोक्यावर चढलें तें सारें एकत्र करावें. गांवांत इरलें विणणारा म्हातारा हयात असेल तर त्यास रास्त मोल देऊन एक नवें विणवून घ्यावें. आणि तें विणतांना घरांतल्या एखाद्या मुलानें शेजारीं बसून कामट्या कशा तासल्या, पान कोणत्या झाडाचें घेतलें, पहिली गांठ कोठें मारली हें लिहून काढावें. जुनें इरलें मिळण्यापेक्षां हा कागद आम्ही अधिक मोलाचा समजूं.

राखण्याविषयीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. पान, साल व सूत यांचे तीन वैरी, म्हणजे ऊन, ओल आणि कीड. संग्रहालयांतून अशा वस्तूंवर उजेड अगदीं मंद, ५० लक्सच्या आंत, ठेवितात. घरीं निदान खिडकीसमोरची भिंत टाळावी. मुंबई-कोंकणांत पावसाळ्यांत हवेंतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, म्हणून पत्र्याची पेटी घट्ट लावून ठेवण्याचा मोह आवरावा. आंत अडकलेल्या ओलीनें बुरशी धरते. सुती फडक्यांत सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा उंच फळीवर ठेवावें, आणि आश्विनांत एकदां सावलींत वारा द्यावा, उन्हांत नव्हे. पगडी किंवा टोपी दाबून सपाट करूं नये. आंत मऊ कापडाचा बोळा भरला म्हणजे ती आकार सोडीत नाहीं. कीटकनाशक भुकटी वस्तूवर उधळूं नये. जुन्या काळीं पुष्कळ संग्रहालयांतून किडीसाठीं सोमल व पाऱ्याचे क्षार वस्तूंना लावीत, व त्यामुळें तेथील जुन्या टोप्यांना आज हातमोजे घालूनच शिवावें लागतें. एखाद्या जुन्या संग्रहांतून आलेली टोपी गंमत म्हणून मुलांच्या डोक्यावर घालूं नये हें यावरून कळेलच.

आणि प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधावी. वस्तूचें नांव त्या गांवच्या बोलींत जसें असेल तसें, कोणत्या झाडाचें पान, साल वा कामटी, कोणीं केली, कोण वापरीत असे, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत. वापरणारीचें नांव ठाऊक असेल तर तें आधीं लिहावें, मालकाचें मागून. चिठ्ठी शिसपेन्सिलीनें लिहावी. आपल्याकडील दमट हवेंत शाई पसरते, शिसें पसरत नाहीं.